असंगाशी संग : अफूवर्गीय औषधे आणि त्यांचे सोबती

एक छोटासा प्रयोग करून पाहा. घरातले कोणी मोठे माणूस शांत झोपले असेल, तर सेकंदकाटा असलेले घड्याळ घेऊन त्यांच्याजवळ बसा. छाती एकदा वर आली आणि खाली गेली, की एक श्वास झाला. असे एका मिनिटात किती श्वास होतात ते मोजा. निरोगी प्रौढ माणसाच्या बाबतीत हा आकडा बहुधा १२ ते २० यांच्या दरम्यान येईल. लहान मुलांचा आकडा याहून मोठा असतो.

आता असा विचार करा, की झोपलेल्या माणसाला श्वास घेण्याची आठवण कोण करून देते? त्याचे हातपाय सैल पडलेले असतात, आपण हळू बोललेले त्याला ऐकू येत नाही. तरीसुद्धा रात्रभरात सात-आठ हजार वेळा छातीचा भाता वरखाली होतो आणि एकदाही चुकत नाही.

ही आठवण करून देणारे केंद्र मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत आणि तिच्या लगतच्या भागात असते. त्याला श्वसनकेंद्र म्हणतात. आपला आजचा विषय औषधांचा आहे. परंतु त्यातील जीवनमरणाचा भाग या श्वसनकेंद्राशी निगडित आहे. काही औषधे अशी आहेत, की ती योग्य मात्रेत आणि वैद्यकीय देखरेखीखाली दिली तर माणसाची असह्य वेदनांतून सुटका करतात. तीच औषधे चुकीच्या सोबत्याबरोबर शरीरात गेली, तर हे केंद्र हळूहळू मंद पाडतात. ‘असंगाशी संग आणि प्राणाशी गाठ’ ही म्हण या औषधांना अक्षरशः लागू पडते.

खसखशीच्या बोंडापासून प्रयोगशाळेपर्यंत

अनारशांवर लावलेली खसखस तुम्ही पाहिली असेल. ती ज्या झाडाचे बी आहे, त्याच झाडाच्या हिरव्या बोंडाला चिरा पाडल्या, की पांढरा चीक पाझरतो आणि वाळून तपकिरी होतो. हीच अफू. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांतील ठरावीक भागांत, केंद्र सरकारच्या परवान्यानेच तिची लागवड होते. नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया केली जाते.

१८०५ च्या सुमारास जर्मनीतील एका औषधी दुकानात काम करणाऱ्या फ्रीडरिश सेर्ट्यूर्नर या तरुणाने अफूतील वेदनाशामक द्रव्य वेगळे काढले. ग्रीक पुराणातील स्वप्नांच्या देवतेवरून त्याला मॉर्फीन हे नाव मिळाले. १८३२ मध्ये फ्रान्समधील प्येर रोबिके यांनी कोडीन वेगळे केले. विसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी झाडाची मदत न घेता अशाच गुणांची नवी द्रव्ये बनविली. पेथिडीन, फेंटानिल आणि ट्रॅमाडॉल ही त्यांपैकी काही. बेल्जियममधील पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास तयार झालेले फेंटानिल तर मॉर्फीनच्या ५० ते १०० पट प्रभावी असते. या सर्वांना मिळून आपण अफूवर्गीय औषधे म्हणू.

ही औषधे वाईट आहेत काय? मुळीच नाही. मोठी शस्त्रक्रिया, भाजल्याच्या जखमा, कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील वेदना यांच्यावर आजही त्यांच्या तोडीचे औषध क्वचितच सापडेल. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये अत्यावश्यक औषधांची पहिली यादी प्रसिद्ध केली, तिच्यात मॉर्फीन होते. मात्र त्यांची सवय लागते, आणि दुसरे म्हणजे त्यांचा परिणाम केवळ वेदनेपुरता मर्यादित राहत नाही. असे का होते, ते पाहू.

एकच किल्ली, अनेक कुलपे

१९७३ मध्ये अमेरिकेतील कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी, आणि त्याच सुमारास इतर दोन संशोधक गटांनीही दाखवून दिले, की मेंदूतील चेतापेशींवर अफूवर्गीय द्रव्ये नेमकी बसतील अशा जागा असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ग्राही हे कुलूप मानले, तर औषधाचा रेणू ही त्याची किल्ली. पण आपल्या शरीराने अफूसाठी कुलपे कशाला तयार ठेवावीत? याचे उत्तर १९७५ मध्ये मिळाले. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून अशी द्रव्ये शोधून काढली, की जी शरीर स्वतःच बनविते आणि जी याच ग्राहींवर बसतात. म्हणजे कुलपे होती ती घरच्या किल्ल्यांसाठी. अफूची किल्ली त्यांना योगायोगाने लागली!

आता अडचण अशी, की ही कुलपे शरीरात अनेक ठिकाणी आहेत. वेदनेचा संदेश वाहणाऱ्या मार्गावर ती आहेत, म्हणून वेदना कमी होते. आतड्यात आहेत, म्हणून बद्धकोष्ठ होतो. आणि श्वसनकेंद्रातही आहेत, म्हणून श्वास मंदावतो.

श्वास मंदावणे म्हणजे नेमके काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साठू लागला, की श्वसनकेंद्राला त्याची चाहूल लागते आणि ते श्वास वाढविण्याचा आदेश देते. दम कोंडून धरला की थोड्या वेळाने छातीत जी तगमग होते, ती प्रामुख्याने या वायूच्या साठ्यामुळे. अफूवर्गीय औषधे हीच चाहूल बोथट करतात. वायू साठत जातो, पण केंद्राला त्याचे काही वाटत नाही.

योग्य मात्रेत हा परिणाम सौम्य असतो आणि शरीर तो सांभाळून घेते. कारण आपल्याजवळ दुसरा राखणदारही असतो. झोपेत श्वास फारच कमी झाला, तर मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो. तो कूस बदलतो, घशाचे स्नायू ताठ होतात आणि श्वासमार्ग मोकळा होतो. पहिला राखणदार पेंगत असला, तरी दुसरा जागा असतो. पण हे दोन्ही राखणदार एकाच वेळी झोपी गेले तर?

पहिला धोका : झोप आणणारे सोबती

झोपेच्या आणि चिंता कमी करणाऱ्या पुष्कळ गोळ्या बेंझोडायाझेपीन या गटातल्या असतात. डायाझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही नावे तुम्ही घरातल्या एखाद्या पट्टीवर वाचली असतील. मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक द्रव्य चेतापेशींना शांत करण्याचे काम करीत असते. या गोळ्या त्याचे काम वाढवितात. त्यामुळे चिंता कमी होते, झोप येते, स्नायू सैल पडतात. एकट्या घेतल्या असता, नेहमीच्या मात्रेत, श्वासावर त्यांचा परिणाम फारसा जाणवत नाही.

परंतु अफूवर्गीय औषधाच्या जोडीला त्या आल्या, की चित्र पालटते. अफूवर्गीय औषधाने कार्बन डाय-ऑक्साइडची चाहूल आधीच बोथट केलेली असते. आता झोपेच्या गोळीने जाग येण्याची शक्तीही हिरावून घेतली. शिवाय घशाचे स्नायू सैल पडून जीभ मागे सरकते आणि श्वासमार्ग अरुंद होतो. दोन्ही परिणामांची नुसती बेरीज होत नाही. एक औषध दुसऱ्याच्या परिणामातून सावरण्याची वाटच बंद करते. या गोष्टीचे गांभीर्य ओळखून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१६ मध्ये या दोन्ही गटांतील औषधांच्या माहितीपत्रकावर, ती एकत्र घेण्याविरुद्ध, सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा चौकटीत छापणे बंधनकारक केले.

झोपेच्या गोळ्यांखेरीज या टोळीत आणखीही सभासद आहेत. सर्वांत जुना आणि घातक म्हणजे दारू. ती ‘औषध’ नव्हे, म्हणून डॉक्टरांना सांगायची राहून जाते. सर्दी, खाज किंवा गांधी उठल्यावर देतात त्या गोळ्यांपैकी क्लोरफेनिरामीन आणि प्रोमेथाझीन यांच्यामुळेही पेंग येते. मज्जातंतूंच्या वेदनांवर देतात ती गॅबापेंटीन आणि प्रेगाबालीन ही औषधेही श्वास मंदावू शकतात. त्यांच्याविषयी अमेरिकेत २०१९ मध्ये वेगळा इशारा देण्यात आला. स्नायू सैल करणारी काही औषधेही याच पंगतीत बसतात. या शेवटच्या गटाशी भारताचा जवळचा संबंध आहे. टॅपेन्टाडॉल हे अफूवर्गीय औषध आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारे औषध एकाच गोळीत घालून, भारतात तयार झालेला माल पश्चिम आफ्रिकेतील देशांत नशेसाठी विकला जात असल्याचे उघडकीस आले. तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय औषध नियंत्रकांनी या जोडीच्या उत्पादनाची आणि निर्यातीची परवानगी काढून घेण्याचे आदेश दिले.

वृद्ध माणसे, दम्यासारखे फुप्फुसांचे जुने आजार असलेले रुग्ण आणि झोपेत मोठ्याने घोरताना ज्यांचा श्वास मध्येच अडकतो अशी माणसे, यांना हा धोका इतरांपेक्षा अधिक असतो.

दुसरा धोका : यकृतातील गिरणी

दोन औषधे मेंदूत एकमेकांना भेटली नाहीत, तरीही ती एकमेकांच्या कामात लुडबुड करू शकतात. ही लुडबुड बहुतांशी यकृतात होते. आपण घेतलेले औषध शरीर कायमचे ठेवून घेत नाही. यकृतात विकर, म्हणजेच एन्झाइमे असतात. ती औषधांच्या रेणूंची मोडतोड करून ते शरीराबाहेर टाकण्याजोगे करतात. पिठाच्या गिरणीत जसे अनेकांचे दळण एकाच जात्यावर येते, तसे एकच विकर अनेक औषधांची मोडतोड करीत असते.

फेंटानिलसारख्या औषधांचे दळण ज्या जात्यावर होते, ते जाते काही औषधे अडवून धरतात. क्लॅरिथ्रोमायसीन आणि एरिथ्रोमायसीन ही प्रतिजैविके, तसेच बुरशीच्या आजारांवरील किटोकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल ही त्यांतली प्रमुख होत. जाते अडले की वेदनाशामक औषध रक्तात साठत जाते. रुग्णाने गोळीची मात्रा वाढवलेली नसते, पट्टी तीच, वेळही तीच. तरीसुद्धा त्याच्या रक्तात जणू जास्त मात्रा घेतल्यासारखे औषध जमते आणि श्वास मंदावू लागतो.

याच्या उलटही घडते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसीन हे औषध यकृताला जास्त विकरे बनवावयास लावते. म्हणजे एका जात्याच्या जागी चार जाती फिरू लागतात! मग मॉर्फीन, मेथाडोन यांसारखी औषधे लवकर संपतात, वेदना परत येते आणि डॉक्टरांना मात्रा वाढवावी लागते. खरी मेख पुढेच आहे. क्षयाचा औषधोपचार काही महिन्यांनी पूर्ण होतो आणि रिफॅम्पिसीन थांबते. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांत जादा जाती बंद पडतात. वेदनाशामकाची वाढवलेली मात्रा मात्र तशीच चालू राहिलेली असते. जी मात्रा कालपर्यंत जेमतेम पुरत होती, तीच आता धोक्याची ठरते. यावरून एक महत्त्वाचा धडा मिळतो : नवे औषध सुरू करणे हा जसा बदल आहे, तसाच चालू औषध थांबविणे हाही बदल आहे. दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारले पाहिजे. फेफऱ्यावरील फेनिटॉईन आणि कार्बामाझेपीन ही औषधेही रिफॅम्पिसीनप्रमाणेच वागतात.

कोडीनची तर आणखीच वेगळी तऱ्हा. कोडीन स्वतः फारसे वेदनाशामक नाही. गिरणीत गेल्यावर त्याचा थोडासा भाग मॉर्फीनमध्ये बदलतो आणि वेदना कमी होते ती त्यामुळे. नैराश्यावरील फ्लुओक्झेटीन आणि पॅरोक्झेटीन ही औषधे नेमके हे जाते अडवतात. मग कोडीन घेऊनही दुखणे थांबत नाही आणि रुग्ण आपल्याच मनाने आणखी गोळ्या घेण्याचा मोह धरतो. उलट काही माणसांत हे जाते जन्मतःच फार वेगवान असते. त्यांच्या शरीरात नेहमीच्या मात्रेतूनही भराभर मॉर्फीन तयार होते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली अशी काही मुले दगावल्याचे लक्षात आल्यावर अमेरिकेत २०१३ मध्ये त्या प्रसंगी मुलांना कोडीन देण्यास मनाई करण्यात आली. २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांसाठी कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही दोन्ही औषधे वर्ज्य ठरविण्यात आली. म्हणून मोठ्यांसाठी आणलेले खोकल्याचे किंवा दुखण्याचे औषध ‘अर्धा चमचा’ करून लहान भावंडाला देणे, हा घरगुती शहाणपणा अंगाशी येऊ शकतो.

तिसरा धोका : न्यूयॉर्कमधील एक रात्र

आतापर्यंतच्या दोन धोक्यांत श्वासाची गोष्ट होती. तिसऱ्या धोक्यात माणूस सुस्त होण्याऐवजी भलताच उत्तेजित होतो.

मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्क शहरात लिबी झायन नावाची १८ वर्षांची महाविद्यालयीन विद्यार्थिनी ताप आणि अस्वस्थता यांमुळे एका रुग्णालयात दाखल झाली. नैराश्यासाठी ती फेनेलझीन नावाचे औषध घेत होती. रुग्णालयात तिला पेथिडीन देण्यात आले. रात्री तिची तगमग वाढली, ताप भयंकर चढला आणि सकाळी ती मरण पावली. मृत्यूचे नेमके कारण कोणते आणि दोष कोणाचा, यावर न्यायालयात अनेक वर्षे वाद चालला. परंतु फेनेलझीनच्या गटातील औषधांबरोबर पेथिडीन देऊ नये, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला त्यापूर्वीही ठाऊक होती. सलग अनेक तास जागलेल्या, थकलेल्या शिकाऊ डॉक्टरांकडून अशा नोंदी नजरेआड होऊ शकतात, हेही या प्रकरणातून लोकांच्या ध्यानी आले. त्यातूनच न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये शिकाऊ डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली.

या दोन औषधांचे वैर का? चेतापेशी एकमेकींना निरोप पाठविण्यासाठी सेरोटोनिन नावाचे द्रव्य वापरतात. काम झाले की ते परत घेतले जाते किंवा मोडले जाते. फेनेलझीन त्याची मोडतोड थांबविते, तर पेथिडीन आणि ट्रॅमाडॉल ते परत घेण्यात अडथळा आणतात. एकाने मोरीचे तोंड बुजवावे आणि दुसऱ्याने दुसरी वाटही बंद करावी, म्हणजे पाणी तुंबणारच! सेरोटोनिन असे तुंबले, की अंग थरथरते, स्नायू ताठ होतात, घाम सुटतो, हृदयाची धडधड वाढते आणि ताप चढतो. नैराश्यावरील इतर अनेक औषधे, लिनेझोलिड हे प्रतिजैविक आणि खोकल्याच्या काही औषधांत असलेले डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्याबाबतही हीच सावधगिरी बाळगावी लागते. ट्रॅमाडॉलमुळे झटके येण्याचीही शक्यता असते आणि अशा काही जोड्यांमुळे ती वाढते.

चौथा धोका : दोन पट्ट्या, आतले औषध एकच

हा धोका सर्वांत साधा आणि म्हणूनच सहज घडणारा आहे. ट्रॅमाडॉलच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटॅमॉलही मिसळलेले असते. रुग्णाला ताप आला, की तो तापाची गोळी म्हणून वेगळ्या नावाचे पॅरासिटॅमॉल घेतो. वर सर्दीची गोळी घेतली, तर तिच्यातही ते असण्याची शक्यता असते. पट्ट्यांचे रंग तीन, नावे तीन. पण यकृताच्या दृष्टीने ते एकच द्रव्य तीन वाटांनी आलेले असते. निरोगी प्रौढाला २४ तासांत सर्व मिळून ४ ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटॅमॉल देत नाहीत. वृद्ध, अशक्त किंवा दारू पिणाऱ्या माणसांसाठी ही मर्यादा आणखी खाली ठेवतात. ती ओलांडली, तर यकृताला कायमची इजा होऊ शकते, आणि पहिला दिवसभर रुग्णाला फारसे काही जाणवतही नाही.

काळजी कोणती घ्यावी?

हे सारे धोके वाचून कोणी घाबरून आवश्यक औषध बंद करू नये. अफूवर्गीय औषध बरेच दिवस चालू असताना अचानक थांबविले, तर शरीराला त्याचा त्रास होतो. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्यानेच कमी करावयाचे असते. डॉक्टरांना प्रसंगी अशा दोन औषधांची जोडी मुद्दाम द्यावीही लागते. तेव्हा ते मात्रा कमी ठेवतात आणि रुग्णावर लक्ष ठेवतात. धोका आहे तो नकळत जुळलेल्या जोडीचा. ती जुळू नये म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. घरातील प्रत्येक रुग्णाच्या औषधांची यादी एका कागदावर लिहून ठेवावी : औषधाचे नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा आणि कोणत्या डॉक्टरांनी दिले. झोपेच्या गोळ्या, खोकल्याची औषधे, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णे यांचाही तीत समावेश करावा. दारूची सवय असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

२. गुडघ्यासाठी एक डॉक्टर, झोपेसाठी दुसरे आणि खोकल्यासाठी तिसरे, असे असेल तर प्रत्येकाला ही यादी दाखवावी. औषधे शक्यतो एकाच दुकानातून घ्यावीत.

३. पट्टीवरचे मोठे व्यापारी नाव वाचून थांबू नये. आतील द्रव्यांची नावे बारीक अक्षरांत छापलेली असतात, ती वाचावीत. भारतात मार्च २०१४ पासून ‘एच १’ नावाची एक अनुसूची लागू आहे. कोडीन, ट्रॅमाडॉल, डायाझेपाम, अल्प्राझोलाम अशी औषधे तिच्यात आहेत. त्यांच्या वेष्टणावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो आणि औषधविक्रेत्याला त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद तीन वर्षे जपून ठेवावी लागते. २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थविषयक कायद्याखालीही आले आहे. एकाच रुग्णाच्या डब्यात लाल चौकटीच्या दोन वेगवेगळ्या पट्ट्या दिसल्या, की डॉक्टरांना विचारून खात्री करून घ्यावी.

४. आपल्या मनाने मात्रा वाढवू नये. दुसऱ्याच्या नावाची किंवा मागच्या आजारातील उरलेली गोळी घेऊ नये. शेजाऱ्याला ‘मला गुण आला, तूही घेऊन पाहा’ असे सांगू नये.

५. हळूहळू विरघळण्यासाठी बनविलेली गोळी कुटून किंवा चावून घेऊ नये. तिच्यातील दिवसभराचे औषध त्यामुळे एकदम रक्तात उतरते. त्वचेवर चिकटवावयाच्या फेंटानिलच्या पट्टीला शेक देऊ नये. उष्णतेने औषध अधिक वेगाने शोषले जाते.

६. औषध नव्याने सुरू झाले असता किंवा मात्रा वाढली असता पहिले काही दिवस रुग्णाजवळ रात्री कोणीतरी झोपावे. या काळात रुग्णाने वाहन चालवू नये.

७. ही औषधे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी कुलपात ठेवावीत आणि उरलेली घरात साठवू नयेत.

‘झोपू द्या, दमला असेल’

सगळी काळजी घेऊनही कधी चूक घडली, तर ती ओळखायची कशी? लेखाच्या आरंभी केलेला प्रयोग इथे कामी येतो. श्वास मिनिटाला दहापेक्षा कमी झाले असतील किंवा मध्येच थांबून थांबून येत असतील. घशातून घुरघुर किंवा नेहमीपेक्षा वेगळे घोरणे ऐकू येत असेल. ओठ आणि नखे निळसर दिसत असतील. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या असतील. आणि मोठ्याने हाका मारून, खांद्याला धरून हलवूनही माणूस जागा होत नसेल, तर ती झोप नव्हे. अशा वेळी घरातले ‘झोपू द्या, दमला असेल’ असे म्हणतात आणि मोलाची मिनिटे निघून जातात.

ताबडतोब मोठ्या माणसांना बोलवा आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करा. श्वास चालू असेल, तर रुग्णाला कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे जीभ मागे पडून किंवा उलटी होऊन श्वासमार्ग बंद होणार नाही. श्वास थांबला, तर प्रथमोपचार शिकलेल्या माणसाने कृत्रिम श्वास द्यावा. पाणी, कॉफी काही पाजू नका. उलटी करवू नका. एकटे सोडू नका. घेतलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या रुग्णालयात बरोबर न्या.

तेथे डॉक्टरांजवळ नॅलोक्झोन नावाचे औषध असते. १९६१ मध्ये त्याचे पेटंट घेण्यात आले. तेही अफूच्याच कुलपात बसणारी किल्ली आहे, पण ही किल्ली कुलूप उघडत नाही. नुसती जागा अडवते आणि मॉर्फीनला बाहेर ढकलते. काही मिनिटांतच रुग्ण श्वास घेऊ लागतो. परंतु दोन गोष्टी विसरून चालणार नाही. त्याचा परिणाम साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, तर वेदनाशामक औषध अनेकदा त्याहून जास्त वेळ रक्तात असते. म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णालाही रुग्णालयातच थांबावे लागते. दुसरे असे, की झोपेच्या गोळ्यांच्या कुलपाला नॅलोक्झोनची किल्ली लागतच नाही. दोन औषधे मिळून घातलेला घाव एका उताऱ्याने पूर्ण भरून निघत नाही. म्हणूनच जोडी टाळणे हाच खरा उपाय होय.

हे काम तुम्हीही करू शकता. या रविवारी घरातील औषधांचा डबा मोठ्यांच्या परवानगीने आणि त्यांच्यासमोर उघडा. प्रत्येक पट्टीवरील बारीक अक्षरांतील नावे एका कागदावर उतरवा. एकच नाव दोनदा आले आहे काय, लाल चौकटीच्या पट्ट्या किती आहेत, मुदत संपलेली औषधे कोणती, हे पाहा. गोळ्या बंद करण्याचा किंवा बदलण्याचा निर्णय मात्र तुम्ही घ्यावयाचा नाही. तो डॉक्टरांचा आहे. तुम्ही फक्त ती यादी आजी-आजोबांच्या पुढच्या भेटीच्या वेळी त्यांच्या हाती द्या आणि डॉक्टरांना दाखवावयास सांगा.